पाण्याच्या कसोटीतील द्रव-पटल

(डिचोली व पेडणे तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल की, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चालणाऱ्या एका सूक्ष्म प्रक्रियेचा आमच्या विहिरीशी, नळाशी आणि शेताशी काय संबंध? मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर असून प्रसिद्धीचे काम करतो. शास्त्रज्ञांचे म्हणणे लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचविणे, हे माझे कर्तव्य. ते करीत असताना एक गोष्ट ध्यानात येते. पाण्याचा अहवाल गावात येतो तेव्हा आपण त्यातील आकडा पाहतो. तो आकडा ज्या परिश्रमातून निघाला, त्या परिश्रमाकडे आपले लक्ष जात नाही. वास्तविक आकड्यावर कितपत विश्वास ठेवावयाचा, हे त्या परिश्रमावरूनच ठरते. त्या परिश्रमाचा एक भाग यंत्राकडे सोपविण्याची जी युक्ती शास्त्रज्ञांनी शोधून काढली, तिची ओळख करून देण्याचा माझा प्रयत्न आहे.

पाणी आपले, प्रश्नही आपले

आपल्या दोन्ही तालुक्यांना निसर्गाने पाण्याचे दान भरभरून दिले आहे. डिचोलीत वाळवंटी आणि डिचोली या नद्या आहेत, मयेचे तळे आहे. पेडण्याच्या एका बाजूस शापोरा तर दुसऱ्या बाजूस तेरेखोल वाहते. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संयुक्त तिळारी प्रकल्पाचे पाणी कालव्यांतून या भागात येते. चांदेल, अस्नोडा आणि पडोशे येथील जलशुद्धीकरण प्रकल्पांतून घरोघरी नळाचे पाणी पोहोचते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन अभियानात गोव्याने आघाडी घेतली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले ते देशातील पहिले राज्य ठरले. तथापि नळ आला म्हणून विहिरीचे महत्त्व संपत नाही. कुळागराला, गुरांना, आणि नळ कोरडा पडला की घरालाही विहीरच आधार देते.

या पाण्याविषयी लोकांच्या मनात शंका का येतात, तेही आपण जाणतो. डिचोली तालुक्यात शिरगाव, मये, पाळी, सुर्ल या परिसराने कित्येक दशके लोहखनिजाचे उत्खनन पाहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोली आणि शिरगाव-मये येथील खनिज खंडांचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोली खंडात उत्खनन पुन्हा सुरू झाले. खाण चालू असो वा बंद, तिच्या खंदकात साठलेले पाणी आणि डंपावरून वाहून येणारी माती यांचा पावसाशी संबंध येतोच. पेडण्यातील खेर, मोरड आणि खाजन जमिनींत शेती व बागायती आहे. तेथे तणनाशके आणि कीटकनाशके यांचा प्रश्न उपस्थित होतो. अशा वेळी गावकरी विचारतो, “आमचे पाणी चांगले आहे की नाही?” प्रश्न सहा शब्दांचा असला, तरी त्याचे उत्तर देणे मात्र सोपे नाही.

किती थोडे म्हणजे फार?

पाण्यात लोह वा मँगॅनीज अधिक असले तर ते पुष्कळदा डोळ्यांना दिसते. भांड्याला तांबूस डाग पडतो, काळपट थर बसतो, चव बदलते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० (२०१२) आहे. त्याप्रमाणे मँगॅनीज एका लिटरमध्ये ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालते. एवढे प्रमाण नेहमीच्या उपकरणांनी सरळ मोजता येते.

खरी अडचण न दिसणाऱ्या पदार्थांची. शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३, तर पाऱ्याची केवळ ०.००१ मिलिग्रॅम आहे. हे आकडे कागदावर क्षुल्लक वाटतात. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर आपण सर्वांनी पाहिला आहे. असे १०० टँकर ओळीने उभे करावेत आणि त्या सर्वांत मिळून १ ग्रॅम पारा असावा, ही पाऱ्याची मर्यादा होय. शिशाच्या बाबतीत १० टँकरांत १ ग्रॅम. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची मर्यादा पाऱ्याइतकीच कडक आहे. भातशेतीत वापरल्या जाणाऱ्या २,४-डी या तणनाशकाची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. गावातील प्रशिक्षित महिलांच्या हाती दिलेल्या चाचणी संचाने सामू, काठिण्य, क्लोराइड, लोह, नायट्रेट अशा गोष्टी तपासता येतात आणि ते काम मोलाचे आहे. परंतु कीटकनाशकांचा असा सूक्ष्म अंश शोधणे त्या संचाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम प्रयोगशाळेचे.

परीक्षेपूर्वीची पाखडणी

आपली समजूत अशी असते की, बाटलीतील पाणी यंत्रात ओतले की आकडा बाहेर पडतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. गृहिणी तांदूळ चुलीवर ठेवण्यापूर्वी सुपात घेऊन पाखडते, खडे निवडते, धुते. शिजविण्यापेक्षा या पूर्वतयारीलाच पुष्कळदा अधिक वेळ जातो. रसायनतज्ज्ञाचेही तसेच आहे. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, जांभ्या दगडाची बारीक माती असते, कुजलेल्या पानांतून उतरलेली पिवळसर द्रव्ये असतात. शापोरा आणि तेरेखोल यांच्या मुखाकडील पाण्यात तर समुद्राचा अंश असतो, आणि समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढ्या गर्दीतून लक्षांश-कोट्यंश प्रमाणातील पदार्थ शोधावयाचा, तर आधी दोन कामे केली पाहिजेत: नको असलेले बाजूला काढणे आणि हवे असलेले थोड्या जागेत गोळा करणे. या दोन्ही कामांना मिळून नमुन्याची पूर्वतयारी म्हणतात.

तिची जुनी आणि आजही प्रचलित असलेली एक पद्धत पाहा. १ लिटर पाणी मोठ्या विलगकारी नरसाळ्यात घेतात. त्यात ६० मिलिलिटर विद्रावक ओततात, हाताने हलवितात, थर वेगळे होईपर्यंत थांबतात आणि खालचा थर काढून घेतात. हे सारे तीनदा करावयाचे. मग गोळा झालेले १८० मिलिलिटर विद्रावक आटवून १ मिलिलिटरपर्यंत आणावयाचे. ही झाली एका विहिरीची कथा. २० विहिरी असल्या तर साडेतीन लिटरांहून अधिक विद्रावक लागते. या कामी वापरले जाणारे डायक्लोरोमिथेन आरोग्यास हितकारक नाही. त्याची वाफ कर्मचाऱ्याच्या श्वासात जाते आणि उरलेल्या द्रवाची विल्हेवाट हा आणखी एक प्रश्न होऊन बसतो. शिवाय माणसाचा हात सकाळी जेवढ्या जोमाने हलवितो तेवढ्या जोमाने सायंकाळी हलवीत नाही.

अशा निष्कर्षणाच्या शास्त्रात आपल्याकडील संशोधकांनीही भर घातली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्रा. एस. एम. खोपकर यांनी अनिल डे व चामर्स यांच्यासह लिहिलेला, धातूंच्या विद्रावक-निष्कर्षणावरील ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला.

द्रव-पटल म्हणजे काय?

आता मुख्य विषयाकडे येऊ. हे सारे निष्कर्षण एका पातळ पडद्यात करता आले तर? १९६८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ली यांनी द्रवाचाच पडदा बनविण्याच्या कल्पनेचे एकस्व मिळविले. त्यांच्यासमोर उद्योगधंद्यांतील विलगीकरणाचे प्रश्न होते. पुढे १९८६ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठात गुन्नार आउडुनसन यांनी वाहत्या प्रवाहातील नमुन्याच्या पूर्वतयारीसाठी आधारित द्रव-पटल वापरून दाखविले. तेथील संशोधकांनी नंतर ते तणनाशके आणि धातू यांनाही लागू केले.

रचना अशी. टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा, अतिसूक्ष्म छिद्रे असलेला एक पातळ पापुद्रा घेतात आणि पाण्यात न मिसळणाऱ्या तेलासारख्या द्रवात भिजवितात. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे केशाकर्षणाने ते द्रव छिद्रांत धरून राहते. हा झाला द्रवाचा पडदा. त्याच्या एका बाजूने तपासावयाचे पाणी हळूहळू वाहते. ती दाता बाजू. दुसऱ्या बाजूस थोडेसे दुसरे पाणी स्थिर ठेवलेले असते. ती ग्राही बाजू. दोन पाण्यांच्या मध्ये तेलाची भिंत उभी आहे.

ही भिंत कोणाला ओलांडता येते? केरी आणि तेरेखोल यांच्यामध्ये फेरीबोट चालते, हे पेडणेकरांना सांगावयास नको. अशी एक बोट कल्पा की, जिच्यात डोक्यावर भार नसलेल्या उतारूलाच प्रवेश आहे. येथे भार म्हणजे विद्युत्भार. पाण्यातील क्षारांचे कण सदैव भारित असतात, म्हणून ते अलीकडच्या काठावरच राहतात. २,४-डीचे रेणू मात्र, पाणी पुरेसे आम्ल केले की, आपला भार खाली ठेवतात आणि तेलात शिरून पार जातात. पैलतीरावरचे पाणी आम्ल नसते. तेथे पाऊल टाकताच त्यांच्या डोक्यावर पुन्हा भार चढतो आणि परतीची बोट त्यांना बंद होते. उतारू एकामागून एक येत राहतात, परत कोणी जात नाही, आणि पैलतीरावर गर्दी जमते. कुजलेल्या पानांची मोठमोठी द्रव्ये आकारानेच जड असल्यामुळे फार मंदगतीने सरकतात. अशा रीतीने वेगळे करणे आणि गोळा करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

धातूंचे आयन आपला भार कधीच टाकीत नाहीत. त्यांच्यासाठी तेलात एक वाहक मिसळतात. तो या बोटीचा तांडेल समजा. तो अलीकडच्या काठावर शिशाचा आयन उचलतो आणि त्याच्या बदली हायड्रोजनचे आयन सोडतो. पलीकडे आम्लयुक्त पाण्यात शिसे उतरवितो, हायड्रोजन घेतो आणि परत फिरतो. तोच तांडेल असंख्य फेऱ्या करतो. हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात अभ्यासली गेली आहे. तेथील शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी द्रावणांतून मूलद्रव्ये वेगळी करण्यासाठी पोकळ तंतूंच्या भिंतींत द्रव-पटल धरून प्रयोग केले. नमुन्याच्या पूर्वतयारीसाठी असेच पोकळ तंतू वापरण्याची पद्धत नॉर्वेतील पेडरसन-ब्येरगार्ड आणि रासमुसेन यांनी १९९९ मध्ये मांडली.

यंत्राने काय साधते?

१०० मिलिलिटर पाणी पडद्यावरून वाहिले आणि त्यातील सर्व पदार्थ पलीकडच्या १ मिलिलिटरमध्ये गोळा झाला, तर तो शंभरपट दाट होईल. परंतु सर्वच्या सर्व पदार्थ पार जात नाही. समजा, निम्मा गेला. तर तो पन्नासपट दाट होईल. येथे जाणकार श्रोता विचारील, “निम्माच जातो, तर अहवाल खरा कसा?” अहवाल खरा ठरतो तो एका अटीवर. जेवढा भाग जातो, तेवढाच भाग प्रत्येक वेळी गेला पाहिजे. आज निम्मा, उद्या तिसरा हिस्सा, असे झाले तर आकड्याला अर्थ उरणार नाही. त्यासाठी पाण्याचा वेग, त्याचा सामू आणि वेळ ही तिन्ही काटेकोरपणे तीच राहिली पाहिजेत. ज्ञात प्रमाणाचे द्रावण त्याच रीतीने चालवून किती भाग जातो हे आधी ठरवावयाचे, आणि मग गावचा नमुना लावावयाचा.

नेमके हेच काम यंत्र उत्तम करते. पंप पाण्याला ठरलेल्या वेगाने ढकलतो. झडपा ठरलेल्या क्षणी उघडतात व मिटतात. दाट झालेला थेंब मापक उपकरणाकडे जातो. पडदा धुतला जातो आणि पुढील नमुना येतो. विद्रावक अत्यल्प लागते, आणि कर्मचाऱ्याला त्याची वाफ घ्यावी लागत नाही. तंत्रज्ञाची नोकरी यंत्र घेईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. नरसाळे हलविण्यात जाणारा त्याचा दिवस मोकळा होतो, आणि आकडे पडताळणे, शंका आलेला नमुना पुन्हा लावणे, गावाला उत्तर समजावून सांगणे या अधिक मोलाच्या कामांसाठी तो उपलब्ध होतो. एका विहिरीची वर्षातून एकदा परीक्षा करण्याऐवजी अनेक विहिरींची ऋतुमानाप्रमाणे परीक्षा करता येणे, हा त्यातील लोकांचा लाभ.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

नव्या गोष्टीची स्तुती करताना तिचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिले असे की, द्रव-पटलाने पाणी शुद्ध होत नाही; ही परीक्षेची तयारी आहे, उपचार नव्हे. दुसरे, पडद्यातील तेल हळूहळू झिरपून जाते आणि पडदा वेळोवेळी नव्याने भिजवावा लागतो. तिसरे, एकच पडदा सर्व पदार्थांना चालत नाही. तणनाशकासाठी एक योजना, शिशासाठी दुसरी. चौथी गोष्ट आपल्या भागाला विशेष लागू आहे. आपल्या मातीत लोह विपुल. धातूंसाठी वापरला जाणारा एक नेहमीचा वाहक विद्राव्य फेरिक लोहाला घट्ट धरून ठेवतो आणि सहजासहजी सोडीत नाही. तांडेलाच्या बोटी लोहानेच भरून गेल्या तर शिशाला जागा कोठून मिळणार? शिवाय जांभ्याची बारीक माती छिद्रांवर बसते. म्हणून अन्य देशांत यशस्वी झालेली कृती येथे जशीच्या तशी उचलून चालणार नाही. आपल्याच विहिरींच्या पाण्यावर ती आधी पारखून घेतली पाहिजे. ही पद्धत अद्याप मुख्यतः संशोधनसंस्थांतच वापरात आहे, हेही लक्षात ठेवावे. १९६६ मध्ये स्थापन झालेली, दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि १९८५ पासून कार्य करीत असलेले गोवा विद्यापीठ आपल्या दारात आहेत. आमच्या मातीचे आणि पाण्याचे प्रश्न विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे विषय व्हावेत, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.

शाळेत करून दाखविण्याजोगा प्रयोग

शिक्षक बंधु-भगिनींसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. काचेच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचे काही थेंब आणि चिमूटभर मीठ टाकावे. वर थोडे पातळ खोबरेल तेल ओतून, बूच लावून बाटली हलवावी आणि स्थिर ठेवावी. पाण्याचा रंग फिका होऊन तेलाला रंग चढतो. मीठ मात्र पाण्यातच राहते. आता ते रंगीत तेल दुसऱ्या बाटलीत काढून घ्यावे, त्यात जीवनसत्त्व ‘क’ची गोळी विरघळविलेले पाणी घालावे आणि पुन्हा हलवावे. तेलाचा रंग उतरतो, कारण आयोडीनला भार प्राप्त होऊन ते पाण्यात उतरते आणि तेलाकडे परत जाऊ शकत नाही. पाणी, तेल आणि पुन्हा पाणी, हा आपल्या फेरीबोटीचा प्रवास मुलांना डोळ्यांनी दिसेल. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा आणि त्यातील काहीही चाखू देऊ नये.

बाटली आपल्या हाती आहे

यंत्र कितीही कुशल असले तरी ते बाटलीत आलेले पाणीच तपासणार. ते पाणी भरणारा हात गावाचा असतो. म्हणून काही पथ्ये सर्वांनी पाळावीत. धातूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली प्लास्टिकची बाटली वापरावी. कीटकनाशकांसाठी गडद रंगाची काचेची. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत पाणी कदापि आणू नये. धातूंच्या बाटलीत प्रयोगशाळेने आधीच आम्ल घातलेले असेल तर ती धुऊ नये. ते आम्ल शिशासारखे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू देत नाही. कीटकनाशकांचा नमुना बर्फात ठेवून सत्वर पोहोचवावा. नळाचे पाणी काही वेळ वाहू द्यावे. विहिरीत बादली सोडताना तळ व कडा खरवडू नयेत. बाटलीवर ठिकाण, दिनांक आणि वेळ ठळक लिहावी. तणनाशक फवारले असल्यास त्याचे नाव व तारीख कळवावी, म्हणजे काय शोधावयाचे ते तज्ज्ञाला समजेल. मे महिन्यात एकदा, पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा, असे तीन नमुने घेतल्यास पाण्याचे वर्ष डोळ्यांसमोर उभे राहते.

पंचायतींना माझी विनंती अशी की, प्रत्येक विहिरीची एक नोंदवही ठेवावी. अधिकारी बंधूंना विनंती अशी की, अहवाल केवळ ‘योग्य’ वा ‘अयोग्य’ एवढ्यावर थांबू नये. नमुना कोणत्या रीतीने तयार केला आणि ती रीत किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत पाहू शकते, हे त्यात सोप्या मराठीत लिहावे. ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘मुळीच नाही’ असा होत नाही. ‘या रीतीने एवढ्या प्रमाणापर्यंत दिसले नाही’, एवढाच तो होतो. हा भेद गावाला कळला म्हणजे शंका कुजबुजीत न राहता योग्य प्रश्नाच्या रूपाने समोर येईल, आणि योग्य प्रश्नाला योग्य उत्तर देणे प्रशासनासही सुकर होईल. पाणी तपासणारा आणि पाणी पिणारा यांच्यातील हा विश्वास वाढावा, एवढीच इच्छा.